न निजलेल्या मशीनचे हुडगे अप्पा

हुडगे अप्पा खोलीत आले की आधी चपला दाराबाहेर काढत, मग मशीनच्या पत्र्यावर डावा तळहात ठेवत, आणि मगच माणसांशी बोलत. समोरचा कितीही घाईत असो, त्याला एवढं थांबावंच लागे. तळहात ठेवून ते डोळे मिटत नसत की काही पुटपुटत नसत. मान जराशी तिरकी करून, तापल्या पोराचं कपाळ बघावं तसं बघत. "ठीक हाय," म्हणत. मग वळून, "हां, बोला."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, पाठमोरं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, मानेवर सदऱ्याच्या आत गेलेला दोरा, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. वळले तेव्हा कपाळावर भस्माचे तीन पट्टे दिसले. मी नाव सांगितलं, नांदेडहून आलेय तेही. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं.

"नांदेडला गोदावरी हाय म्हणून तुमचे लोक इतके हळू बोलतात का?" ते म्हणाले. "इथं मोठ्यानं बोलायचं. इथं घसा कोरडा असतोय."

तेव्हापासून मी 'नांदेडकर' झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षीची ही गोष्ट. ती माझी पहिली नोकरी. संस्थेचं नाव सांगत नाही. कुठल्या गावाला आज टँकर गेला, किती फेऱ्या झाल्या, उद्या कुठे जायचा, हे सगळं एका मशीनवर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. नाक्यावर टँकर भरला की चालक चिठ्ठी आणून देई, ऑपरेटर ती नोंदवी; त्या नोंदीवरूनच टँकरवाल्याला फेरीमागे पैसे मिळत. संध्याकाळी दिवसाची नोंद बंद झाली की तिला कुणी हात लावू शकत नसे. ऑपरेटर आपापल्या नावाने आत येत, नवी नोंद करत, जुनी वाचत. बदलू शकत नसत. ते करू शकणारा एकच, मशीनचा मालक. त्याला संगणकात रूट म्हणतात. रूटचा पासवर्ड अप्पांखेरीज कुणाकडेच नव्हता.

हे ते प्रत्येक बैठकीत सांगत. "घर मोठं हाय, माणसं लई हायत, पण किल्ली एकच. अन् ती इथं हाय." असं म्हणून कपाळावर बोट टेकवत. बोटाला भस्म लागे, ते सदऱ्याला पुसत. बैठकीतले लोक हसत. मला ते जरा जास्तच वाटायचं. इतक्या वेळा सांगायची गरज काय, असं.

अप्पा उदगीरच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या खेड्यातले. घरी कानडी. फोन उचलला की "शरणार्थ" म्हणत आणि मग मराठीत शिरत. पण मशीनशी मात्र ते कानडीतच बोलत. ऑपरेटरांचे छोटे संगणक सकाळी चालू व्हायला वेळ लावत, तेव्हा अप्पा त्यांच्यामागे उभे राहून हलक्या आवाजात म्हणत, "एळप्पा, एळु." ऊठ रे बाबा, ऊठ. त्यांच्या घरी पोरांना असंच उठवत असणार. आमच्यातला अविनाश नावाचा ऑपरेटर त्यांची हुबेहूब नक्कल करी. अप्पांसमोरच करी, आणि अप्पा खूश होत.

मोठ्या मशीनला मात्र त्यांनी कधी "एळु" म्हटलं नाही, कारण ते कधी निजलंच नव्हतं. बसवल्यापासून ते एकदाही बंद झालेलं नव्हतं. वीज गेली की ट्रकच्या बॅटऱ्या. त्या त्यांनी स्वतः आणून जोडलेल्या. कुणी पाहुणा आला की अप्पा पडद्यावर एक ओळ लिहून दाखवत आणि मशीन कधीपासून जागं आहे ते पडद्यावर येई. पाहुण्याला त्यात काय बघायचं ते कळत नसे. अप्पा त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहत.

त्यामागे कारण होतं. पूर्वी ते एका कारखान्यात होते. तिथे दिवाळीच्या साफसफाईला साहेबांनी मशीन बंद करायला लावलं. "बंद केलं. पुसलं. फूल वाहिलं. चालू करायला गेलो, तर उठंना," ते सांगत. जुन्या मशीनच्या पोटात चकती असते, ती वर्षानुवर्षं फिरत राहते. थांबली की कधीकधी पुन्हा फिरत नाही. सगळ्या ऊसवाल्यांच्या नोंदी त्या चकतीवर होत्या. "लोक गेटवर येऊन मला नावानं हाका मारत होते. मी आत बसून चकतीला कानडीत हाका मारत होतो."

ही गोष्ट ते हसत सांगत. पण सांगताना उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत, ते मी पाहिलं होतं.

नवं मशीन मागायचं तर आमचे व्यवस्थापक गोरे साहेब एकच उत्तर देत. "अप्पा, उदगीर जिल्हा होऊन राहिलाय. आज होईल, उद्या होईल. जिल्हा झाला की तिकडं नवं ऑफिस, नवी मशिनं. आत्ता कशाला खर्च?" खुर्ची मोडली, नवा जिल्हा झाला की. पंखा बंद पडला, नवा जिल्हा झाला की. अप्पा सोडून सगळे या उत्तराला वैतागले होते. अप्पांचा मात्र त्यावर विश्वास होता. जिल्हा त्यांच्या मुलखाचा होणार होता. जुन्या कॅलेंडरच्या मागे त्यांनी नव्या खोलीचा नकाशा काढून ठेवलेला. त्यात खिडकी कुठे, बॅटऱ्या कुठे, आणि मधोमध दोन चौकोन.

"दोन कशाला, सर?" मी विचारलं.

"एक निजंल, एक जागं राहील. मग दुसरं निजंल." ते चौकोनांवर हात फिरवत म्हणाले. "माझ्यामुळं बिचाऱ्याला कधी झोप न्हाई."

एप्रिलमध्ये कूलरची भानगड झाली. मशीनच्या खोलीत एसी नव्हता, पाण्याचा कूलर होता. शहरात नळाला कधी पाणी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गोरे साहेबांनी फर्मान काढलं की कूलरमध्ये थेंब पाणी ओतायचं नाही, लोक काय म्हणतील. दुसऱ्या दिवसापासून अप्पा घरून पाच लिटरचा कॅन घेऊन येऊ लागले. ते पाणी कुठलं, हे त्यांच्या बायकोने एकदा मला सांगितलं. आंघोळीचं. घरात माणशी एक बादली ठरलेली. अप्पा ओल्या पंच्याने अंग पुसत, तेवढ्यावरच गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा उरकत, आणि उरलेली बादली कॅनमध्ये भरत.

"माणसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही पत्र्याला पाजून राहिलात," अविनाश म्हणाला.

"हे तापून पडलं तर कुठल्या वाडीला आज पाणी गेलं न्हाई, हे तू सांगशील का तुझा मामा?"

अविनाशचा मामा टँकरचा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार होता. जिल्ह्यातले निम्मेअधिक टँकर त्याचे. भाच्याला चिकटवला होता तोही त्यानेच. अविनाश हसला आणि वाकून अप्पांच्या पाया पडला. असं तो दिवसातून एकदा तरी करी. गोड पोरगा होता; माझ्यासाठी कुणी न सांगता खुर्ची आणून ठेवायचा.

मी दर रविवारी नांदेडहून परतताना वडील एसटीत पाण्याचा कॅन चढवून देत. एकदा मी त्यातली एक बाटली अप्पांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "गोदावरीचं?" मी मान हलवली. ते उठले आणि अख्खी बाटली त्यांनी कूलरमध्ये ओतली. मला वाटलं होतं ते पितील.

त्याच सुमारास ती सूचना आली. आमचं मशीन ज्या प्रणालीवर चालायचं तिच्याबद्दल इंग्रजीत असल्या सूचना येत राहत, आणि त्या वाचणं माझं काम होतं. बहुतेक वेळा त्यात आमच्या कामाचं काही नसे. या वेळी होतं. कर्नेलमध्ये, म्हणजे सगळ्या कामांची परवानगी देणारा जो मशीनचा गाभा असतो त्यात, एक जुनी चूक सापडली होती. साधा वापरणारा माणूस त्या चुकीच्या वाटेने पासवर्डशिवाय रूट होऊ शकत होता. दुरुस्तीही सोबत आली होती. मी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा स्वतः वाचलं, ओठ हलवत, हळूहळू.

"नाक्यावर बघितलंय ना तुम्ही?" मग ते म्हणाले. "खिडकीत चिठ्ठी तपासणारा बसतो. चिठ्ठी बघतो, बराबर हाय म्हणतो, अन् मागं व्हॉल्व्हवाल्याला हात करतो. व्हॉल्व्हवाला चिठ्ठी बघत न्हाई. म्होरं जो टँकर उभा, त्यात पाणी सोडतो. आता चिठ्ठी बघणं अन् हात करणं ह्याच्या मधी जो दम जातो, तेवढ्यात एक टँकर काढून दुसरा घुसवला तर?"

"पाणी दुसऱ्याला मिळेल."

"मग चूक कुणाची? तपासणाऱ्यानं तपासलं. सोडणाऱ्यानं सोडलं. चूक मधल्या फटीची. तशी फट हाय ही. अन् माणसाला एकदा साधलं न्हाई तर तो घरी जाईल. मशीन थकत न्हाई. साधंपर्यंत घुसवत राहील."

"पण सर, बाहेरच्याला हे करता येत नाही. त्याला आधी आत यावं लागतं. लोकल आहे, असं लिहिलंय."

"तेच तर. बाहेरच्याला ही फट दिसतच न्हाई." त्यांनी काचेपलीकडे ऑपरेटरांच्या खोलीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि सगळे हसत होते. "आपणच आत घेतलेल्याला दिसते."

दुरुस्ती करायची तर मशीन बंद करून चालू करावं लागणार होतं. हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा उजवा हात डाव्या हाताच्या बोटांवर गेला. ते उठून मशीनपाशी गेले, तळहात ठेवला.

"जून येऊ द्या," ते पत्र्याकडे बघत म्हणाले. "टँकर थांबले की निजवू ह्याला. आत्ता निजवलं अन् उठलं न्हाई, तर सगळा जिल्हा गेटवर येईल."

त्यांनी दुसरं जे करता येण्यासारखं होतं ते केलं. जुनी, बेवारशी नावं मशीनवरून काढून टाकली. ऑपरेटर कमी करा, निदान गुत्तेदाराच्या माणसाला तरी आत ठेवू नका, असं गोरे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "अप्पा, त्याच्या टँकरवर जिल्हा चाललाय. पोराला काढून मी सांगू काय?" अप्पा परत आले. अविनाशने त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवला होता.

मे महिन्यात सोनाबाई आली. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या पलीकडच्या एका तांड्यावरची. डोक्यावर रिकामी घागर घेऊन ती थेट ऑपरेटरांच्या खोलीत शिरली आणि घागर टेबलावर उपडी केली.

"बगा. हाय का पाणी?"

गोरे साहेबांनी पडदा तिच्याकडे फिरवला. तांड्याच्या नावापुढे रोजची फेरी नोंदवलेली होती. "बाई, टँकर येतोय. तुमच्यात कुणीतरी पाणी विकत असेल."

"तुमच्या डब्यात येतोय. आमच्या हौदात न्हाई." तिने पडद्यावर बोट आपटलं. "ह्याच्यात घागर बुडवू का मी?"

कुणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी सोनाबाईला बसायला सांगितलं. ती बसली नाही. ती गेल्यावर ते आपल्या खोलीत गेले आणि मागच्या नोंदी उघडून बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला काचेवर टकटक करून बोलावलं.

तांड्याच्या फेऱ्या दिवसाची नोंद बंद झाल्यावर घुसवलेल्या होत्या. बदल करणाऱ्याच्या जागी रूट होतं. सगळ्यांत अलीकडचा बदल झाला त्या वेळी अप्पा भाचीच्या लग्नाला उदगीरला होते.

"नांदेडकर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, माझ्यापेक्षाही हळू. "हे मी केलं का?"

ते खरोखर विचारत होते. मी म्हणाले, नाही सर. त्यांनी मान हलवली, पण माझ्यावर विश्वास बसल्यासारखी नाही.

त्या दिवशी ते गोरे साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, आधी खात्री करा, एवढ्या मोठ्या गुत्तेदारावर आळ घ्यायचा म्हणजे काय. अप्पांनी निदान तांड्याचा टँकर तरी सुरू करा म्हटलं. साहेब म्हणाले, कागदावर सुरूच आहे, पुन्हा कसा सुरू करू?

त्याच आठवड्यात तांड्याच्या विहिरीत गाळातलं पाणी तांब्याने भरायला उतरताना एक शाळकरी मुलगी वरून घसरली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली. ती सोनाबाईच्या जावेची मुलगी होती.

मग चौकशी आली. संस्थेचे दोन संचालक आले, त्यातल्या थोरल्यांच्या हातात सगळं होतं. पहिल्या अर्ध्या तासातच दिसलं की त्यांना काय हवंय. कागद तयार होता. तांड्याला टँकर नियमित जात होता, मशीनवरची नोंद बरोबर आहे, तिच्यात बाहेरून बदल होणं अशक्य आहे, असं त्यात होतं. खाली अप्पांच्या सहीची जागा.

"तुम्हीच तर नेहमी सांगता, अप्पा," गोरे साहेब म्हणाले. "घर मोठं, किल्ली एक. तेवढंच लिहायचंय."

अप्पांनी कागद वाचला. सही केली असती तर त्यांना कुणी काही विचारलं नसतं. त्यांची नोकरी, त्यांचं मशीन, कॅलेंडरमागचे दोन चौकोन, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तांडा तेवढा खोटा ठरला असता.

"नोंद खोटी हाय," ते म्हणाले. "मी दाखवतो."

मग ते माझ्याकडे वळले. "नांदेडकर, तुम्ही बाहेर थांबा."

"सर, ती सूचना मी..."

"बाहेर थांबा म्हणलं ना!" माझ्यावर ते पहिल्यांदाच ओरडले. दाराशी मला सोडायला आले आणि तिथे, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "हे तुम्हाला कळतं, हे त्यांना कळू देऊ नका. तुमची सुरुवात हाय."

दार पुरतं लागत नसे. नव्या जिल्ह्यात नवं लागणार होतं. फटीतून मला अप्पांची पाठ दिसत होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अविनाश," अप्पा म्हणाले, "ये बाबा. तुझ्या नावानं आत जा. पासवर्ड मी बघत न्हाई." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अविनाशने आपला पासवर्ड टाकला. मग अप्पा त्याच्या जागी बसले. "आता बघा साहेब, हा साधा ऑपरेटर हाय. ह्याला जुनी नोंद उघडता येती का? न्हाई." थोडा वेळ नुसता कळांचा आवाज आला. मग तो थांबला. कूलर घरघरत होता. "आता बघा. ह्याचं नाव गेलं. काय आलं?"



"रूट," गोरे साहेब म्हणाले.

"पासवर्ड टाकला का मी? न्हाई ना? असंच कुणीबी करू शकतंय. आत घेतलेला कुणीबी."

थोरल्या संचालकांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला. त्यांनी अप्पांना विचारलेले प्रश्न साधे होते.

"म्हणजे हे तुम्हाला येतं."

"हाव. येतं."

"अजून कुणाला येतं इथं?"

अप्पा थांबले. मी दाराला टेकले होते. "ते मला दाखवता येत न्हाई," ते म्हणाले. "मला येतं, एवढं दाखवता येतं."

"ह्याची दुरुस्ती आली होती?"

"आली होती."

"कधी?"

"एप्रिलात."

"केली का नाही?"

"मशीन बंद करावं लागलं असतं. उठलं नसतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "न्हाई केली. ती चूक माझी."

"अप्पा, तुम्ही चोर शोधायला आलात का चोरी शिकवायला?" दुसरे संचालक म्हणाले, आणि त्यावर जे हसू झालं त्यात अविनाशचंही हसू होतं. तो नक्कल करताना हसायचा तसंच.

मी दुसऱ्या दिवशी गोरे साहेबांना जाऊन सांगितलं की सूचना मी वाचली होती, ही चूक जगभरच्या मशीनमध्ये सापडली आहे, अप्पा उदगीरला होते. मराठीत सांगताना मध्येच इंग्रजी शब्द येत होते आणि प्रत्येक शब्दाला साहेबांचा चेहरा आणखी बंद होत होता. "लिहून द्या," ते म्हणाले. मी लिहून दिलं. ते फायलीला लागलं. उदगीरहून रूट होता येत नाही असं थोडंच आहे, असं त्यावर कुणीतरी विचारलं म्हणे. आपल्या नावाने इंटरनेटवरून आत शिरलं की येतं, हे खरंच होतं.

एक मात्र झालं. नोंद खोटी ठरल्यामुळे तांड्याला टँकर सुरू करावा लागला, आणि मामाऐवजी दुसऱ्या गुत्तेदाराचा. पोलिसांत कुणीच गेलं नाही. अविनाशने नोकरी सोडली. मामाच्याच ऑफिसात बसू लागला. अप्पांना स्वतःहून राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. ते गेले त्या दिवशी सकाळी नेहमीसारखे कॅन घेऊन आले, कूलरमध्ये पाणी ओतलं, मशीनवर तळहात ठेवला, ठीक हाय म्हणाले. मग चपला घालून गेले. कॅलेंडर तिथेच राहिलं.

त्यांच्या जागी पुण्याची एक कंपनी आली. तिच्या माणसाने आल्या आल्या विचारलं, हे शेवटचं बंद कधी केलं होतं? कधीच नाही, आम्ही म्हणालो. तो "बापरे" म्हणाला आणि त्याने ते बंद केलं. खोली एकदम शांत झाली. मशीनचा आवाज सतत होता हे मला तो थांबल्यावर कळलं. गोरे साहेबसुद्धा दारात येऊन उभे राहिले होते. त्या माणसाने चहा संपवला, बटण दाबलं. मशीन उठलं. कुठे अडखळलं नाही, कुरकुरलं नाही. दुरुस्ती बसली, फट बुजली, आणि चहाचे कप उचलायच्या आत टँकरांच्या नोंदी पुन्हा सुरू झाल्या.

पुढे पावसाळा झाला, आणि त्या वर्षी नको तितका झाला. उदगीर जिल्हा मात्र झाला नाही. दिवाळीनंतर मला कामासाठी मुरुडला जावं लागलं. बाजारपेठेतून चालत होते तेव्हा एका आडत दुकानात तराजूमागे अप्पा दिसले. दुकान मेहुण्याचं. सदरा तोच, भस्म तेच, खिशात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. कोपऱ्यात एक संगणक होता, त्यावर फडकं टाकलेलं. अप्पा त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"या, नांदेडकर!" त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं. तांब्या काठोकाठ भरून आला. "प्या. आता हाय." मी प्याले. ते माझ्या आईवडिलांबद्दल विचारत राहिले, नोकरी टिकली का विचारलं. टिकली म्हणाले. त्यांना बरं वाटलं. सोयाबीनच्या पोत्यावर त्यांचा डावा हात होता.

मग त्यांनी ते विचारलं. मला ठाऊक होतं विचारतील. मी तेवढ्यासाठीच पुढे न जाता थांबले होते आणि तेवढ्यासाठीच थांबायला नको होतं.

"निजवलं का मशीन, शेवटी?"

"हो, सर."

"अन्?" ते पुढे झुकले. "उठलं?"

मी काय सांगावं याचा विचार करण्याइतका वेळ त्यांनी मला दिला नाही. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं.

"उठलं!" ते उभेच राहिले. "एका दमात?"

"एका दमात."

"एळप्पा!" त्यांनी मांडीवर थाप मारली आणि पोती रचणाऱ्या हमालाला हाक मारली. "ऐकलं का मारुती? आमचं मशीन. कधी निजलं नव्हतं, त्याला निजवलं, अन् उठलं एका दमात! चकती चांगली होती. मी म्हणत होतो ना, चकती चांगली हाय." हमालाने पाठीवरचं पोतं न उतरवता मान हलवली. अप्पांचं तोंड इतकं उजळलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना पडदा दाखवतानाही नाही.

आणि मग तो उजेड गेला. एकदम गेला नाही. ते हसतच खाली बसले, हसतच त्यांनी तराजूचं पारडं सरळ केलं, आणि मग त्यांचा हात तिथेच थांबला.

"म्हणजे," ते म्हणाले, "तवाबी उठलं असतं. एप्रिलात."

एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याचा माल तोलून दिला, वजन सांगितलं, बरोबर सांगितलं. मी येते म्हणाले. त्यांनी "शरणार्थ" म्हटलं, ते फोन उचलताना म्हणत तसं.

लातूरची एसटी दुकानासमोरूनच वळते. मला खिडकीची जागा मिळाली होती. गिऱ्हाईक गेलं होतं, हमालही आत गेला होता. अप्पा तराजूमागे एकटे बसले होते. डावा तळहात त्यांनी छातीसमोर उताणा धरला होता, सकाळी पूजेला लिंग घेतात तसा, आणि मान जराशी तिरकी करून ते त्या रिकाम्या तळहाताकडे बघत होते.